चाळीस वेढे

तारेच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. वरून किती निघालं आणि आपल्यापर्यंत किती पोहोचलं, यात फरक असतो. गावातल्या ट्रान्सफॉर्मरपासून ओढ्याकाठच्या मळ्यांपर्यंत पावणेतीन किलोमीटर तार होती, तीही बारीक आणि ठिकठिकाणी जोड मारलेली. निघताना दोनशे तीस व्होल्ट असलेला दाब ओढ्याकाठी येईपर्यंत एकशे सत्तरवर यायचा. उन्हाळ्यात त्याच्याही खाली. तिथल्या अकरा विहिरींवर अकरा मोटरी होत्या, आणि त्या अकराही मोटरी एकाच माणसाच्या हातून गेलेल्या होत्या.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मोटरी भरायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी बाक, तार गुंडाळायचं हातयंत्र, वार्निशचा डबा आणि भिंतीला टांगलेली तांब्याच्या तारेची रिळं. मोटर जळाली की म्हातारा बाप, ज्याला डोळ्यांनी आता अंधुकच दिसायचं, तो छिन्नी घेऊन जळकी तार उपटून काढायचा. उपटलेला एक धागा दोन बोटांत फिरवून तो तारेची जाडी, म्हणजे गेज, सांगायचा आणि कधी चुकायचा नाही. मिस्त्रीची बायको मोटरीच्या खाचांत घालायचा कागद कापायची आणि यंत्राचा दांडा फिरवायची. यंत्रावरचा आकडा दाखवणारा काटा कधीचाच मोडला होता, म्हणून वेढे ती तोंडाने मोठ्याने मोजायची. मोजताना कुणी बोललं तर तिला राग यायचा. देवाच्या नावाने जप करतानाही ती इतकी सांभाळून मोजत नसेल, असं सासरे म्हणायचे.

मिस्त्रीच्या हाताला गुण आहे, असं ओढ्याकाठी बोललं जायचं. त्याने भरलेली मोटर जळत नाही. फक्त त्याची एक विचित्र अट होती. मोटर एकटी चालवायची नाही. शेजारच्या सगळ्यांनी सुरू केल्या की मग आपली सुरू करायची, आणि सगळ्यांच्या बंद व्हायच्या आत आपली बंद करायची. "आमच्या मोटरींना सोबत लागते," असं तो हसून सांगायचा. लोकांना हे फार आवडलं होतं. दुपारी लाईट आली की ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर हाका जायच्या, आणि अकरा मोटरी एकापाठोपाठ एक वेग धरायच्या. एकमेकांशी बोलचाल बंद असलेली दोन भावांची घरंसुद्धा तेवढ्यापुरती एकमेकांना हाक मारायची.

या सोबतीचं खरं कारण दोनच माणसांना माहीत होतं, मिस्त्रीला आणि त्याच्या बायकोला. म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण बोटं होती त्याची, त्यालाही ते कळलंच होतं.

सहा वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या शेवटच्या विहिरीवरची काकूंची मोटर तीन महिन्यांत तीनदा जळाली. मिस्त्रीने तिन्ही वेळा नेकीने भरली, कारखान्यातून आली होती तशीच, एका कॉइलला बावन्न वेढे. तिन्ही वेळा काळी होऊन परत आली. लोक म्हणायला लागले की मिस्त्रीचा हात गेला. नवऱ्यामागे एकटीने मळा ओढणाऱ्या काकू काहीच म्हणाल्या नाहीत, मोटर बाकावर ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. त्याला तेच जास्त लागलं.

मग तो दोन दिवस मीटर घेऊन काकूंच्या विहिरीवर बसून राहिला. मोटर म्हणजे काही समजूतदार प्राणी नाही. दाब कमी मिळाला म्हणून ती कमी काम करून गप्प बसत नाही. पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून ती तारेतून करंट जास्त ओढते. जास्त करंट बारीक तारेतून गेला की तार तापते, वार्निश सुटतं आणि वेढ्याला वेढा चिकटतो. मोटरीची चूक नव्हती आणि भरणाऱ्याचीही नव्हती. बावन्न वेढे दोनशे तीससाठी होते आणि इथे येत होते एकशे सत्तर.

चौथ्यांदा भरताना बायको दांडा फिरवत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

"थांब," तो म्हणाला.

"अहो, अजून बारा राहिलेत."

"थांब म्हटलं ना."

वेढे बारा कमी, तार एका गेजने जाड. वजनाला तांबं तेवढंच गेलं. कमी वेढ्यांमुळे कमी दाबातही मोटरीला जोर मिळाला, आणि जाड तारेत करंट न तापता वाहिला. ती मोटर जळली नाही. मग पाहता पाहता अकराही मोटरी चाळीस वेढ्यांच्या झाल्या. फक्त एक धोका होता. कुणी एकट्याने मोटर चालवली तर तारेतून ओढणारं दुसरं कुणी नसायचं, दाब वाटेत जिरायचा नाही, आणि चाळीस वेढ्यांवर पूर्ण दोनशे तीस येऊन बसायचे. तेव्हा ती तासाभरात खाक झाली असती. म्हणून ती सोबतीची अट.

"सांगून टाका ना लोकांना," बायको तेव्हाच म्हणाली होती.

"वेढे कमी घातले म्हटलं की तांबं चोरलं म्हणतील. जाड तार वगैरे कोण ऐकून घेणार?"

हे खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. हाताला गुण आहे असं लोक म्हणायचे, ते त्याला गोड लागत होतं. आपल्या बोटांची काही जादू नाही, नुसता हिशोब आहे, हे सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. सहा वर्षांत ते सांगायची वेळच गेली.

त्या दिवशी सकाळी वायरमन दुकानात फ्यूजची तार मागायला आला आणि दारातूनच ओरडला, "मिस्त्री, जिंकली ओढ्याकाठची माणसं! नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर. तोही इथं गावात नाही, थेट ओढ्यावर. चार दिवसांत चालू. आता दोनशे तीस म्हणजे दोनशे तीस, भर दुपारीसुद्धा!"

बायको कॉइल गुंडाळत होती. तिचा हात दांड्यावर थांबला. सहा वर्षांत मोजणी मध्येच सोडलेली त्याने पहिल्यांदा पाहिली.

"जुनी लाइन?" मिस्त्रीने विचारलं.

"ती त्याच दिवशी उतरवायची. तार दुसरीकडे न्यायची आहे."

"थोडे दिवस राहू देता येईल का? पंधरा-वीस दिवस?"

वायरमनने त्याच्याकडे पाहिलं. "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? सात वर्षं अर्ज करून आलाय तो. आणि तुम्हाला जुनी लाइन हवी?"

तो गेल्यावर खोलीत तिघंच राहिले. म्हातारा छिन्नी खाली ठेवून म्हणाला, "तोंड मिटून बस."

"बाबा, अकराच्या अकरा जळतील."

"जळतील. आणि लोक नव्या ट्रान्सफॉर्मरला शिव्या घालतील. मग मोटरी घेऊन कुठं येतील? इथंच. या वेळी बावन्न घाल. पुन्हा म्हणतील, बघा, मिस्त्रीच्या हाताला गुण आहे. मोटर जळली नाही तर भरणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटायची? मी चाळीस वर्षं लोकांच्या जळलेल्या मोटरींवर हे घर चालवलं. त्यात लाज कसली?"

म्हातारा वाईट माणूस नव्हता. तो आपल्या धंद्याचं खरं सांगत होता. आणि मिस्त्रीला ते पटत होतं, हेच वाईट होतं. गप्प बसणं इतकं सोपं होतं. कुणाला कधी कळलंही नसतं.

"मळ्यांत वांगी फुलावर आहेत," बायको म्हणाली. "टोमॅटो लागलेत. एक मोटर भरायला आपल्याला दीड दिवस लागतो. अकरा मोटरी एकदम जळल्या तर शेवटच्याचा नंबर सोळाव्या दिवशी येईल. या उन्हात सोळा दिवस काय राहतंय रानात?"

"आधीच भरून ठेवतो हव्या तर," मिस्त्री म्हणाला.

"आधी भरून जुन्या लाइनवर बावन्नाच्या लावल्या तर त्याही जळतील. तुम्हीच शिकवलंय मला." मग तिने दांड्यावरून हात काढला आणि पदराने तोंड पुसलं. "प्रत्येक वेढा मी मोजलाय. थांब म्हणालात तेव्हा मी थांबले. तुमच्या एकट्याच्या अंगावर मी ते टाकणार नाही. पण सांगायला तर जावंच लागेल."

त्याने चप्पल घातली.

पहिलं घर दोन भावांपैकी थोरल्याचं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बारा वेढ्यांचं तांबं गेलं कुठं?" मिस्त्रीने जाड तारेचं सांगितलं, वजन तेवढंच असतं हेही सांगितलं. "हां, हां," असं म्हणत थोरला त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. धाकट्याने हसून पाठीवर थाप मारली आणि मस्करी करू नका म्हणाला. तिसऱ्या घरी बाईने बाहेरच उभं ठेवलं. चौथ्या घरी गेल्या वर्षीपर्यंत त्याला बसायला खुर्ची मिळायची, या वेळी मिळाली ती गोणी. आठव्या घरापर्यंत त्याला आपलं वाक्य पाठ झालं होतं, आणि पाठ झाल्यामुळे ते खोटं वाटायला लागलं होतं.

पाणीसंस्थेचे अध्यक्ष नव्या ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यावर कामगारांना सिमेंट कसं कालवायचं ते शिकवत होते, जरी कामगारांना ते येत होतं. नाकावर माशी बसू न देणारा गृहस्थ. सात वर्षं अर्ज त्यांनीच केले होते, आणि गावात ते कुणाला विसरू दिलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"मिस्त्री, म्हणजे सोबत लागते, सोबत लागते म्हणून सहा वर्षं आम्हाला हाका मारायला लावल्यास, ते तुझी लबाडी उघडी पडू नये म्हणून?"

आणि ते तसंच होतं.

"मोटर तुमची आहे म्हणून सांगतो," तो एवढंच म्हणाला. "एवढ्यात चालवू नका. मी भरून देतो. उद्या दुपारी काकूंच्या विहिरीवर या, डोळ्यांसमोर दाखवतो. मग ठरवा."

काकूंचं घर शेवटचं. त्या वाफ्यात वाकून तण काढत होत्या. त्याने सांगितलं आणि त्या वाकूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "पहिली माझीच का?"

"हो. तुमच्यापासून सुरुवात झाली."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या वाफ्यात सरकल्या. त्या बरं मध्ये काय होतं ते त्याला घरी येईपर्यंतही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहा-सात जण आले. प्रत्येक मोटरीपाशी घरचं एकेक माणूस थांबलं होतं, हाकेची वाट बघत. अध्यक्ष छत्री घेऊन आले. मिस्त्रीने काकूंच्या स्टार्टरपाशी मीटर लावलं, काट्याचं, मोठ्या डब्यासारखं, सगळ्यांना दिसेल असं. ऊन इतकं होतं की मीटरच्या काचेला हात लावला तर चटका बसत होता.

"सगळ्या बंद आहेत ना? बघा काटा."

काटा दोनशे बावीसवर होता.

"म्हणजे इथपर्यंत पूर्ण येतंय की!" कुणीतरी म्हणालं.

"कुणी ओढत नाही तोवर येतं. आता एकेक सुरू करा. थोरल्या दादांची."

हाक गेली. दूर मोटरीने वेग धरल्याचा आवाज आला आणि काटा दोनशे पंधरावर आला. दुसरी हाक, दोनशे नऊ. मग धाकटा. आता सगळे मीटरवर वाकले होते. प्रत्येक मोटरीगणिक काटा थोडा थोडा खाली येत होता. थोरला भाऊ काट्याकडे बघत म्हणाला, "ही माझी होती. आणि ही त्याची." दहाव्या हाकेला काटा एकशे सत्तरच्या खाली लटकला होता.

"दाब चोरीला जात नाही," मिस्त्री म्हणाला. "वाटेतच जिरतो. तार लांब, तार बारीक. तिच्यातून जेवढं जास्त ओढाल तेवढं ती वाटेतच खाते. तुम्ही ओढलेलं यांच्या दारातून कमी होतं, यांनी ओढलेलं तुमच्या. आणि शेवटी काकूंच्या वाट्याला जे उरतं ते हे."

सात वर्षं सगळ्यांनी वरच्या लोकांना शिव्या घातल्या होत्या. शेजाऱ्याची मोटर सुरू झाल्यावर आपलं काय होतं, ते असं समोर कधी मांडून दिसलं नव्हतं.

मग त्याने सगळ्या बंद करायला लावल्या आणि काकूंची मोटर एकटीच सुरू केली, जे करायचं नाही म्हणून तो सहा वर्षं सांगत आला होता. तारेला चिमट्यासारखं दुसरं मीटर अडकवलं. रोज नऊ अँपिअरच्या आसपास असणारा करंट पंधरावर गेला. मोटर घुमायला लागली, जड, खोल आवाजात. त्याने मिनिटं मोजली. पाचव्या मिनिटाला त्याने अध्यक्षांना म्हटलं, "हात ठेवा."

अध्यक्ष विहिरीतल्या कट्ट्यावर उतरले, मोटरीच्या अंगावर हात ठेवला आणि लगेच उचलला. मिस्त्रीने मोटर बंद केली.

"नवा ट्रान्सफॉर्मर आला की सगळ्या एकत्र लावल्या तरी असंच होणार. सोबत कामाला येणार नाही."

"तापली म्हणजे जळली असं नाही," अध्यक्ष म्हणाले आणि छत्री मिटून उन्हातूनच निघून गेले.

ट्रान्सफॉर्मर सुरू झाला त्या सकाळी ओढ्यावर सगळं गाव होतं. वायरमनने दांडा ओढला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री बायकोसह मागे उभा होता. दहा जणांनी मोटरी सुरू केल्या नाहीत. पटलं म्हणून केल्या नाहीत, की दुसऱ्याचं काय होतंय ते आधी बघावं म्हणून, ते सांगता येत नव्हतं. अध्यक्षांना मात्र मागे सरता येत नव्हतं. सात वर्षांच्या अर्जानंतर आपल्याच विहिरीवर पाणी काढायचं नाही, हे त्यांच्या स्वभावात बसलंच नसतं.

त्यांनी शेजारच्याच आपल्या विहिरीवर जाऊन बटण दाबलं. पाणी नळातून असं उसळलं की हौदाच्या पलीकडच्या भिंतीवर आदळलं. ओढ्याकाठी असं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. लोक हसायला लागले, बायकांनी ओंजळी धरल्या. अध्यक्ष मागे वळून मिस्त्रीकडे पाहत म्हणाले, "बघ! पाणी बघ!"

मिस्त्री पाण्याकडे बघत नव्हता. तो पुढे गेला आणि मोटरीवर हात ठेवून उकिडवा बसला. "बंद करा. अजून वेळ गेलेली नाही. कृपा करून बंद करा."

"हात काढ मोटरीवरून."

त्याने हात काढला. स्टार्टरमध्ये जादा करंट आला की मोटरीची वीज तोडणारा एक भाग असतो. कमी दाबात तो सारखा तोडायचा म्हणून अध्यक्षांनी तो केव्हाच तारेने बांधून ठेवला होता. म्हणजे आता तिला थांबवणारं कुणीच नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ती चालली. सुरुवातीला वास कुणालाच कळला नाही, फक्त मिस्त्रीला आणि त्याच्या बायकोला कळला, कारण तो वास त्यांच्या घरात कायम असायचा. बायकोने त्याचा दंड धरला. मग धूर आला, मग आवाज घोगरा झाला, आणि पाण्याची धार भिंतीवरून खाली, हौदात, आणि शेवटी नळाच्या तोंडाशी येऊन थांबली.

माणसं वळली ती अध्यक्षांकडे नाही, त्याच्याकडे. आपलं खरं ठरलं म्हणून काही क्षण त्याला हलकं वाटलं होतं, आणि त्या हलकेपणाची त्याला तिथेच लाज वाटली. जळली ती त्याचीच मोटर होती. सहा वर्षांत ओढ्याकाठी त्याने भरलेली मोटर पहिल्यांदाच जळली होती, तीही भर गावासमोर.

"सांगितलं होतं त्यानं," वायरमन हळूच म्हणाला.

"सहा वर्षांनी सांगितलं," थोरला भाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांची मोटर गाडीत घालून बाजाराच्या गावाला गेली. तिथे एक भरणारा होता, त्याचं दुकान मोठं होतं, काचेचं दार होतं. गाडी मिस्त्रीच्या दारावरूनच गेली, कारण रस्ता तोच होता. दुपारी दुसरी गाडी गेली. तिच्यात दोघा भावांच्या मोटरी एकमेकींना टेकून ठेवलेल्या होत्या. मिस्त्री बाकाशी बसून आधीच वार्निश केलेल्या एका पंख्याला पुन्हा वार्निश लावत होता. बायकोने बावन्न वेढ्यांच्या कॉइलसाठी कागद कापून ठेवले होते, अकरा मोटरींचे, आणि ते फडताळावर नीट रचून ठेवले होते. एकही हलला नव्हता.

"झालं समाधान?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "गप्प बसला असतास तर आज अकराही इथं असत्या, आणि लोक तुझ्या पाया पडत असते."

"बाबा, मळे वाळले असते."

"आताही वाळतायत. बाजारातला भरणारा काय एका दिवसात देतोय? फक्त तुझ्या हातून वाळत नाहीत एवढंच."

बायकोने सासऱ्यांच्या पुढे पाण्याचा तांब्या ठेवला, जरा जोरातच. मग ती नवऱ्याशेजारी बाकावर बसली. दोघंही रस्त्याकडे पाहत होती. दिवसभरात आणखी तीन मोटरी गेल्या. त्या दिवशी ज्या घरात त्याला गोणी मिळाली होती तिथली माणसं जाताना मान खाली घालून गेली, आणि त्याला वाटलं की त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत हातगाडीच्या चाकाचा कुईकुई आवाज आला. काकू पुढून ओढत होत्या आणि त्यांची सून मागून ढकलत होती. गाडीवर मोटर होती, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. विहिरीतल्या कट्ट्यावरून ती वर काढायलाच त्यांना दोन दिवस लागले होते, दोघीच बायका, दोराच्या दुसऱ्या टोकाला वजन म्हणून दगड बांधून. काकूंच्या दोन्ही तळहातांना दोराचे वळ होते. साडीला चिखल वाळलेला होता.

मिस्त्री उठून धावला. गाडी उंबऱ्याशी लावून त्याने मोटर उचलून आत घेतली. ती त्याला नेहमीपेक्षा जड वाटली. काकू दाराच्या चौकटीला टेकून धाप टाकत होत्या. बायकोने त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. काकूंनी तो तोंडाला न लावता वरून प्यायला, अर्धा संपवून सुनेला दिला.

"काकू, काल सहा जणांच्या मोटरी गाडीनं गेल्या बाजाराला," मिस्त्री म्हणाला. त्याला वाटलं, हे त्यांना सांगितलंच पाहिजे. "तुम्हालाही जागा झाली असती."

"बोलावलं होतं त्यांनी."

"मग?"

काकूंनी तोंड पुसलं. "काचेचं दार आहे म्हणे त्याचं."

"चांगला भरतो तो. मी खोटं नाही बोलत, खरंच चांगला भरतो."

"भरत असेल," काकू म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं. सहा वर्षांत असं त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. "पण त्याचं खोटं मला अजून शोधायचंय. तुझं तू स्वतः घरी आणून दिलंस."

आतून म्हातारा खोकला, आणि मग छिन्नी शोधत जमीन चाचपडल्याचा आवाज आला.

"संध्याकाळपर्यंत होईल?" काकूंनी विचारलं. "वांग्यांनी माना टाकल्यात."

"उद्या दुपार," मिस्त्रीची बायको म्हणाली. "वार्निश वाळल्याशिवाय द्यायची नाही. तोवर शेजारच्या विहिरीवर विचारून बघा, त्यांच्याकडे माणसाने ओढायचा रहाट आहे."

"विचारते," काकू म्हणाल्या आणि रिकामी हातगाडी वळवून घेतली.

मिस्त्री खाली बसला आणि मोटरीचे नट सैल करायला लागला.